तारमास्तरांची विद्या आणि संदेशाचें शास्त्र

आपल्या मध्यमवर्गीय समाजांत एखाद्या विद्येस प्रतिष्ठा प्राप्त होते ती बहुधा तिच्या अंगच्या गुणांमुळें नव्हे, तर तिच्या पदवीमागून येणाऱ्या नोकरीमुळें. मुलुंडसारख्या उपनगरांत आज अशीं घरें थोडीं नाहींत, कीं ज्यांतील एखादा मुलगा अथवा मुलगी 'इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन' या शाखेंत शिकत आहे किंवा शिकून बाहेर पडली आहे. मुलें या शाखेस 'एक्स्टीसी' म्हणतात. वडील मंडळी तिला फोनची, फार तर उपग्रहाची विद्या समजतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स', 'कम्युनिकेशन थिअरी' अशा नांवांचीं जीं जाडजूड पुस्तकें घरांत येतात, त्यांत फोन दिसत नाहीं कीं उपग्रह दिसत नाहीं. दिसतात तीं समाकलनाचीं चिन्हें आणि अनंतापर्यंत लांबलेल्या श्रेढी. एवढें गणित कशाकरितां, हा प्रश्न आईबाप विचारीत नाहींत, कारण तो आपला अधिकार आहे असें त्यांस वाटत नाहीं. मुलें विचारीत नाहींत, कारण परीक्षा जवळ आलेली असते. आणि शिकविणारे बहुधा सांगत नाहींत, कारण त्या उत्तरास प्रश्नपत्रिकेंत गुण ठेवलेले नाहींत.

या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत आहे. आणि त्या इतिहासाचा बराचसा भाग आपल्या दारावरून गेला आहे. तो थोडक्यांत सांगावा, आणि त्यावरून आपल्या आजच्या शिक्षणाविषयीं एक विचार वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

बातमी ही फार पूर्वींपासून माणसाच्या पायाशीं बांधलेली होती. पेशवाईंतले जासूद व सांडणीस्वार कितीही चपळ असले तरी पत्र नेणाऱ्याच्या पुढें पत्र कधीं गेलें नाहीं. पानिपतचा संहार १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला, आणि नानासाहेबांस त्याची वार्ता कित्येक दिवसांनीं एका सावकारी पत्रांतून, मोत्यें व मोहरा यांच्या सांकेतिक भाषेंत कळली, हें शाळकरी मुलासही ठाऊक आहे. विजेच्या तारेनें हा बंध तोडला. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविणारे डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनीं १८३९ मध्यें त्या शहराजवळ तारेचे प्रयोग केले. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती आजच्या मुलुंडच्या भूमीवरूनच. आणि पुढें दोन वर्षांच्या आंत, १८५५ च्या फेब्रुवारींत, मुंबई, आग्रा, कलकत्ता व मद्रास यांस जोडणारी तार सर्व जनतेस खुली झाली. रूळ आणि तार हीं दोन्ही आपल्या देशांत जवळजवळ जुळ्या भावंडांसारखीं आलीं.

जमिनीवरील तार खांबांवरून हवेंत टांगलेली असते. तिच्यांतून निघालेला विजेचा ठोका दुसऱ्या टोकास ठोका म्हणूनच पोंचतो. खरी अडचण उभी राहिली ती समुद्रांत. समुद्रांतील तारेवर गटापर्चाचें वेष्टण, आणि त्याभोंवतीं खारें पाणी. अशी तार ही लांबच लांब विद्युत्-घटासारखी वागते. टोकाशीं घातलेली वीज आधीं तिचें पोट भरते आणि मग पलीकडे सावकाश झिरपूं लागते. ठोका पसरट होतो, एकाचें शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर येतें, आणि सगळा संदेश एकमेकांत मिसळून जातो. १८५४ च्या सुमारास ग्लासगो येथील अध्यापक विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्या ध्यानांत आलें, कीं या तारेचें समीकरण आणि धातूच्या सळईंतून उष्णता कशी वाहते याचें समीकरण हीं एकच आहेत. उष्णतेचें तें गणित जोसेफ फूरिये या फ्रेंच पंडितानें १८२२ च्या आपल्या ग्रंथांत सोडवून ठेवलेंच होतें. लोखंडी सळईचें एक टोक चुलींत धरून मधून मधून बाहेर काढलें, तर दुसऱ्या टोकास धरलेल्या हाताला ते हेलकावे कळत नाहींत. कळते ती केवळ हळूहळू वाढणारी ऊब. समुद्रांतील तारेचें दुःख नेमकें हेंच होतें. टॉमसननें नियम सांगितला, कीं तारेची लांबी दुप्पट झाली तर विलंब दुप्पट नव्हे, चौपट होतो.

हा नियम अटलांटिक तारकंपनीचा विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यास मान्य नव्हता. हा गृहस्थ मूळचा शस्त्रवैद्य, हातचा कुशल, परंतु गणितावर त्याचा विश्वास नव्हता. १८५८ च्या ऑगस्टमध्यें यूरोप व अमेरिका यांमधील पहिली तार सुरू झाली, तेव्हां राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप पलीकडे जाण्यास सुमारें १६ तास लागले. संदेश मंद येतो, तर जोर वाढवावा, असा सरळ व्यवहारी विचार करून व्हाइटहाउसनें तारेवर सुमारें दोन हजार व्होल्टचा दाब लावला. वेष्टण आधींच दुबळें होतें. तार थोड्याच आठवड्यांत मुकी झाली. टॉमसनचा मार्ग याच्या उलट होता. त्यानें जोर न वाढवितां ग्रहण करणारें यंत्र नाजूक केलें. इवल्याशा आरशावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका अत्यंत क्षीण प्रवाहानेंही हलावा, अशी त्याची रचना होती. गणित आणि धडाडी यांच्या या झगड्यांत लक्षावधि पौंड समुद्राच्या तळाशीं गेले, तेव्हां कोठें गणिताचा मान वाढला.

हिंदुस्थानच्या बाजूसही हीच किंमत मोजावी लागली. सुवेझ, एडन व कराची यांस जोडणारा दोर १८५९–६० मध्यें टाकला गेला आणि तो पुरता निकामी ठरला. पुढें १८६४ त इराणच्या आखातांतून तार आली, परंतु विलायतेचा निरोप तुर्की व इराणी मुलखांतील अनेक ठाण्यांवर हातानें उतरून घेऊन पुन्हां पुढें धाडावा लागे. इंग्रजी न जाणणारे कारकून अक्षरें पाहून अक्षरें ठोकीत, आणि मुंबईस येईपर्यंत निरोपाचें रूप कित्येकदां ओळखूं येत नसे. अखेरीस 'ग्रेट ईस्टर्न' हें त्या काळचें सर्वांत अवाढव्य जहाज दोराचीं वेटोळीं पोटांत घेऊन मुंबईच्या बंदरांत आलें. १८७० च्या फेब्रुवारींत त्यानें मुंबईहून एडनकडे दोर टाकावयास प्रारंभ केला, आणि त्याच वर्षीं लंडनशीं सलग सागरी संबंध जुळला. ज्या वार्तेस पूर्वीं आठवडे लागत, ती आतां कांहीं तासांत मिळूं लागली. ज्या फूरियेचें नांव आज दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यास धडकी भरवितें, त्याचें गणित याप्रमाणें दीडशें वर्षांपूर्वींच मुंबईच्या किनाऱ्याशीं येऊन पोंचलें होतें.

परंतु तें किनाऱ्याशींच थांबलें. त्या दोराच्या या टोकाशीं जे आपले लोक बसले, त्यांस काय शिकविलें गेलें? कानानें टिकटिक ऐकावी, बोटांनीं ठोके द्यावे, चूक करूं नये आणि मजकूर बाहेर फोडूं नये. तारमास्तरांची ही विद्या क्षुद्र नव्हती. तिला एकाग्रता लागे, सचोटी लागे, आणि तिच्या पगारावर कोंकण-देशावरच्या किती कुटुंबांचीं मुलें शिकून शहाणीं झालीं! तथापि ठोका पसरट कां होतो, एका तारेवर वेगाची सीमा कोणती, हे प्रश्न तिच्या कक्षेबाहेर होते. पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग १८५४ त निघाला तो बांधकामखात्यास दुय्यम नोकर मिळावे म्हणून. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १८८७ त निघाली तेव्हां तिच्यासमोर मुख्यतः गिरण्या व यंत्रशाळा होत्या. राज्यकर्त्यांस तार चालविणारे हात हवे होते. तारेचा विचार करणारीं डोकीं त्यांच्या घरीं होतीं. कलकत्त्यास १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बसूंनीं बिनतारी लहरींचे जे अपूर्व प्रयोग केले, ते या व्यवस्थेमुळें नव्हे, तर ती असतांनाही झाले.

या विषमतेचें चित्र १९२७ सालांत फार स्पष्ट दिसतें. त्या वर्षाच्या २३ जुलै रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईच्या नभोवाणी-केंद्राचें उद्घाटन झालें, आणि त्याच दिवशीं खडकी व दौंड येथील केंद्रांवरून विलायतेशीं बिनतारी संदेशवहन सुरू झालें. खडकीहून संदेश जाई, दौंडास तो येई. म्हणजे जगांतील नव्यांतलें नवें यंत्र पुण्याच्या आसपास उभें होतें. यानंतर दोनच महिन्यांनीं, सप्टेंबरांत, इटलींतील कोमो सरोवराकांठीं तारायंत्र व दूरध्वनि यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तेथें राल्फ हार्टली या अमेरिकन संशोधकानें एक विलक्षण प्रश्न पुढें केला: संदेशांतील 'माहिती' मापतां येईल काय? त्याचें उत्तर असें, कीं संदेशाचा अर्थ बाजूस ठेवावा, आणि पाठविणाऱ्यापुढें प्रत्येक पावलास किती पर्याय होते तेवढेंच मोजावें. त्या पर्यायांच्या संख्येचा लॉगरिथम हें माहितीचें माप होय. हॅरी नायक्विस्ट यानें १९२४ व १९२८ च्या निबंधांतून याच्या जोडीचा सिद्धान्त सिद्ध केला. ज्या मार्गानें सेकंदास अमुक कंपनें जाऊं शकतात, त्यावरून त्याच्या दुपटीहून अधिक स्वतंत्र ठोके धाडतां येत नाहींत. यंत्र खडकीस आलें, विचार कोमोस झाला. आणि त्या दोहोंमध्यें पूल बांधणारी शाळा आपल्याकडे नव्हती.

हार्टलीच्या बीजाचा वृक्ष केला तो क्लॉड शॅनननें, १९४८ च्या जुलै व ऑक्टोबर महिन्यांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत. आज जिला 'कम्युनिकेशन थिअरी' म्हणून शिकवितात तिचा पाया तो. त्यांतील मुख्य कल्पना गणिताशिवायही समजण्यासारख्या आहेत, आणि त्यांचीं उदाहरणें आपल्याच घरांत सांपडतात.

पहिली कल्पना अशी, कीं प्रत्येक भाषेंत गरजेहून अधिक चिन्हें असतात. आपली मोडी लिपि पाहा. तींत इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घ भेद पाळीत नाहींत, अनुस्वार पुष्कळदां गाळतात; तरी जुने कारकून घडाघड वाचीत, कारण गाळलेलें संदर्भावरून भरून काढतां येई. शॅनननें इंग्रजीपुरता हिशेब करून दाखविलें, कीं तींतील सुमारें अर्धा भाग असा 'अधिकचा' असतो. हा अधिकचा भाग काढून टाकला म्हणजे संदेश आंखूड होतो. आपल्या तारखात्यानें दिवाळी, लग्न, परीक्षा यांच्या अभिनंदनाचीं ठराविक वाक्यें करून त्यांस क्रमांक दिले होते. तारेवरून जाई तो नुसता क्रमांक, आणि घरीं येई तें संपूर्ण वाक्य. मर्यादित पर्यायांतून एकाची निवड कळविणें म्हणजेच संदेश धाडणें, हें शास्त्राचें सूत्र त्या क्रमांकांत मूर्तिमंत होतें.

दुसरी कल्पना याच्या उलट दिशेची आहे. मार्गांत गोंगाट असेल तर तोच अधिकचा भाग जाणूनबुजून घालावा लागतो. स्थानकावरील घोषणा गाडीच्या खडखडाटांत अर्धीच ऐकूं आली तरी मुलुंडकराचें 'ठाणें' हुकत नाहीं, कारण तीच गोष्ट मराठी, हिंदी व इंग्रजी अशी तीनदां सांगितलेली असते. शॅनननें सिद्ध केलें, कीं ही भर हुशारीनें घातली तर गोंगाट असलेल्या मार्गानेंही, एका ठराविक वेगाच्या आंत, चूक हवी तितकी कमी करतां येते. ती वेगमर्यादा मार्गाच्या कंपनपट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणांत वाढते. संदेशाचा जोर वाढविला तर मात्र ती केवळ लॉगरिथमच्या मंद गतीनें वाढते. व्हाइटहाउसच्या दोन हजार व्होल्टांवरचा हा नव्वद वर्षांनंतरचा निकालच म्हणावयाचा: ओरडण्यानें मिळतें तें थोडें, सांगण्याच्या रीतीनें मिळतें तें पुष्कळ.

तिसरी कल्पना अंकांची. मनुष्याचा आवाज दूरध्वनीवरून नेण्यास सेकंदास सुमारें चार हजार कंपनांचा पट्टा पुरतो. नायक्विस्टच्या नियमानें त्याचे दर सेकंदास आठ हजार नमुने घ्यावे, प्रत्येक नमुना आठ द्विमान अंकांनीं लिहावा, म्हणजे सेकंदास ६४,००० अंक झाले. आतां वाटेंतील प्रत्येक ठाण्यास आवाज ओळखावयाचा नसतो. एक कीं शून्य, एवढेंच ओळखून नवा कोरा ठोका पुढें धाडावयाचा असतो. इराणी ठाण्यांवरील कारकून प्रत्येक हातीं निरोप थोडा थोडा बिघडवीत. अंकांच्या मार्गावरील ठाणें तो प्रत्येक वेळीं धुऊन स्वच्छ करतें. एका शतकाची पीडा या साध्या युक्तीनें दूर झाली.

स्वातंत्र्याच्या आगेमागें आपल्याकडेही शाळा उघडल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत १९४६ मध्यें विद्युत्संदेशाचा स्वतंत्र विभाग झाला. कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांच्या प्रयत्नानें १९४९ त रेडिओ-पदार्थविज्ञानाची संस्था निघाली. मुलुंडच्या शेजारीं पवईच्या तलावाकांठीं जें तंत्रविद्यालय आज उभें आहे, त्याचा पहिला वर्ग १९५८ त वरळी येथें भरला. युनेस्कोच्या द्वारें रशियाची यंत्रें व तज्ज्ञ त्यास मिळाले, आणि १९५९ च्या मार्चमध्यें पंडित नेहरूंनीं पवईस कोनशिला बसविली. पुणें विद्यापीठाचे पदवीधर भगवानदास पन्नालाल लाठी हे अमेरिकेस गेले, स्टॅनफर्ड येथें डॉक्टर झाले, आणि १९६५ मध्यें त्यांनीं 'सिग्नल्स, सिस्टिम्स अँड कम्युनिकेशन' हा ग्रंथ लिहिला. लाठींचीं पुस्तकें आज देशोदेशींच्या वर्गांत चालतात. ज्या प्रांताच्या वांट्यास शंभर वर्षें नुसती टिकटिक ऐकण्याचें काम आलें, त्याच प्रांतांतील एका मुलानें तिचें शास्त्र जगास समजावून सांगितलें, ही गोष्ट आपल्या घरांतून मुलांस सांगितली गेली पाहिजे.

याहून मोठें उदाहरण आगगाडीच्या याच रस्त्यावर, कल्याणला घडलें. १९६५ त गोविंद स्वरूप व त्यांचे टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील तरुण सहकारी यांनीं ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ लहान थाळ्या तेथें मांडून सूर्याच्या रेडिओलहरी टिपल्या. त्या अनुभवांतून उटकमंडची दुर्बीण झाली, आणि मग नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची प्रचंड रचना उभी राहिली. थाळ्यांच्या प्रत्येक जोडीचे संदेश एकमेकांशीं ताडून पाहावयाचे, अशा जोड्या ४३५. आणि तें ताडणें होतें तें फूरियेच्याच रीतीनें. टॉमसननें समुद्राच्या तळाशीं वापरलेलें गणित खोडदच्या माळावर आकाशगंगांचीं चित्रें काढीत आहे.

आतां मूळ विचाराकडे वळूं. आजचा विद्यार्थी कोणत्या परंपरेंत बसतो, तारमास्तराच्या कीं कल्याणच्या त्या तरुणांच्या? पुष्कळ अंशीं पहिल्या, असें खेदानें म्हणावें लागतें. यंत्र बदललें, ठोक्यांऐवजीं परदेशीं रचलेल्या उपकरणांच्या आज्ञा आल्या, पण सूत्र पाठ करावें, पदवी घ्यावी आणि दुसऱ्यानें केलेलें यंत्र न चुकतां चालवावें, ही रीत तीच आहे. यावर कोणी म्हणेल, कीं कर्ज काढून मुलास शिकविणाऱ्या घरानें सिद्धान्त घेऊन काय करावयाचें? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. पोटाची चिंता ही कमी प्रतीची चिंता नव्हे, आणि प्रत्येक पदवीधरानें शॅनन व्हावें असें कोणी म्हणत नाहीं. परंतु केवळ पोटाचाच हिशेब करावयाचा झाला, तरी इतिहासाची साक्ष वेगळी पडते. जुलै २०१३ मध्यें आपल्या देशांतील तारसेवा कायमची बंद झाली. पिढ्यान् पिढ्या कमावलेलें बोटांचें कसब निरुपयोगी झालें. पण त्याच तारेचा विचार करतांना टॉमसननें जें गणित कामास लावलें, तें आजही दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकांत आहे, आणि उद्यां आज नसलेल्या यंत्रांसही तें लागू पडेल. उपकरणाचें आयुष्य दहा वर्षांचें, सिद्धान्ताचें दोनशें. मग व्यवहारी माणसानें तरी आपली ठेव कोठें ठेवावी?

उपाय फार खर्चाचा नाहीं. फूरियेची श्रेढी फळ्यावर लिहिण्यापूर्वीं अध्यापकानें एक तास त्या बुडालेल्या तारांस द्यावा. व्हाइटहाउस कां हरला हें वर्गास विचारावें. एका तरी सहलींत मुलांस खोडदचा माळ दाखवावा. आणि घरच्या वडील मंडळींनीं, मुलगा किंवा मुलगी तें जाड पुस्तक उघडून बसली असतां, हें गणित कोणाची अडचण दूर करण्याकरितां जन्मलें, एवढा प्रश्न निःसंकोचपणें मराठींत विचारावा. उत्तर मराठींत देतां आलें तर विद्या अंगीं लागली असें समजावें. न आलें, तर परीक्षेचे गुण कितीही असोत, अभ्यास अजून राहिला आहे.